बेळगावचा सुपरहीरो रचायचाय? आधी त्याच्या घरची उधारी मांडा

कॉमिक काढायला बसलेली आपली पोरं पहिल्याच पानावर वीज पाडतात. नायक अनाथ, उभा गच्चीवर. आभाळातून काहीतरी निळं येतं, त्याच्या अंगात शिरतं आणि तिसऱ्या पानावर हा गुंड लोळवतोय. गच्ची कुणाची, भाडं कोण भरतं, दहावीचा फॉर्म भरला का, याचा कुठंच पत्ता नाही. पाचव्या पानावर गाडी अडते, कारण सांगायला काही उरलेलंच नसतं.

या लेखात आपण वीज पडायच्या आधीचं काम करू. नायक वयानं लहान आणि आतून बिनसलेला असेल, तर त्याचा खोटा पण पटेल असा इतिहास कसा उभा करायचा, हे पायरीपायरीनं बघू. सोबतीला एक पोरगा घेऊ: सोमनाथ, गल्लीतला सोम्या, वय सोळा, राहणार वडगाव, बेळगाव. पोरगा काल्पनिक, गाव खरं. तुमचा नायक निपाणीतला असो की खानापुरातला, पायऱ्या याच लागतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शक्ती मिळाली आणि पोराचं दुखणं कमी झालं, तर तुमची कथा तिथंच संपली. शक्तीनं त्याचं दुखणं वाढलं पाहिजे.

पायरी १: तो कुणाचं काय देणं लागतो?

नुसतं दुःख फार काळ पुरत नाही. आईवडील गेले, घर जळालं, मित्र मेला. वाचक दोन पानं हळहळतो आणि पुढं सरकतो. देणं मात्र पुरतं. स्पायडर-मॅनची पहिली कथा १९६२ च्या ऑगस्टच्या अंकात आली. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिटको, आणि पानं फक्त ११. कोळी चावतो हा त्यातला सगळ्यात साधा भाग. खरी गोष्ट वेगळीच आहे. शक्ती आल्यावर पीटर पार्कर आधी पैसे कमवायला जातो. पळणारा चोर समोरून जातो, तरी ‘माझं काय काम’ म्हणून हा बाजूला होतो. पुढं तोच चोर त्याच्या काकांना मारतो. ज्यांचं देणं, ते काकाच राहिले नाहीत, म्हणून ते फिटत नाही. साठ वर्षं उलटून गेली तरी लेखक त्या अकरा पानांवर जगतायत.

सुपर कमांडो ध्रुव शेजारी ठेवून बघा. राज कॉमिक्सचा हा पोरगा अनुपम सिन्हा यांनी १९८७ मध्ये आणला. ज्युपिटर सर्कस जळते, आईवडील जातात, एक पोलीस अधिकारी त्याला घरी नेतात. अंगात दैवी शक्ती कसलीच नाही, सगळी कमाई डोक्याची आणि कसरतीची. मला ध्रुव आजही आवडतो. पण सर्कस जाळणाऱ्यांचा हिशेब झाला की त्याचं खातं बंद होतं. पुढं तो शहाणासुरता, भरवशाचा गडी. साहसकथेला असाच नायक हवा. बिनसलेला पोरगा हवा असेल तर खातं उघडंच ठेवावं लागतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: ‘अमुक हा अमक्याचं अमुक देणं लागतो आणि ते फिटत नाही, कारण अमुक.’ मधल्या जागी ‘समाजाचं’ किंवा ‘मातीचं’ असं काही आलं तर पान फाडून पुन्हा बसा. देणं माणसाचंच असावं, आणि शक्यतो त्याच घरातल्या.

सोम्याचं वाक्य असं. २०१९ च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या फुगल्या आणि शहरातही पाणी शिरलं. सोम्या अकरा वर्षांचा. बाप माल पोचवायला गेलेला, आई आजारी माणसाकडं. जाताना बाप सांगून गेला, सुताचे गठ्ठे माळ्यावर चढवून ठेव. सोम्या पोरांबरोबर बळ्ळारी नाल्याचं पाणी बघायला गेला. सूत भिजलं, आणि सूत व्यापाऱ्याचं. रात्री बाप परतला तेव्हा अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणाली, ‘मीच विसरले.’ तिची शाळा सुटली, ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. सोम्याला कुणी एक शब्द बोललं नाही.

कुणी मेलेलं नाही, हे लक्षात घ्या. रक्कमही फार मोठी नाही. पण त्या घरात रोज सकाळी अक्का कांडीच्या मशीनवर बसते आणि रोज सकाळी सोम्या दप्तर घेऊन तिच्यासमोरून जातो. एवढं पुरतं.

पायरी २: शहर राहू दे, गल्ली घ्या

‘बेळगाव’ म्हटलं की पोरं किल्ला काढतात, चन्नम्मा चौक काढतात, वर कुंद्याचा डबा ठेवतात. हे पर्यटन खात्याचं पोस्टर झालं. नायक एका गल्लीत वाढतो आणि त्या गल्लीचा आवाज, वास, उधारीची पद्धत त्याच्या अंगात मुरते. त्या गल्लीत जाऊन बसा. चित्र काढू नका, फोटो काढू नका, आधी नुसतं बसा. मग तीन गोष्टी टिपा: सकाळी सहाला काय ऐकू येतं, दुपारी दोनला कोण घरी असतं, आणि रात्री लाईट गेली की काय होतं.

वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा पट्टा. इथं यंत्रमागाचा कारखाना म्हणजे बऱ्याचदा घराचीच एक खोली. उंबऱ्याच्या आत दोन माग, मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. माग चालू झाला की आडवा धागा नेणारा धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला आपटत राहतो आणि पायाखालची फरशी थरथरते. कोनाड्यातल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात ती दिवसभर. ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला की विणकर न बघता दांडा ओढून माग थांबवतो, मागाच्या फणीतून टोक काढतो, बोटांच्या चिमटीत गाठ मारतो आणि पुन्हा चालू. आत बोलायचं झालं तर कानाशी ओरडा, नाहीतर हातवारे. आवाज ९० डेसिबलच्या वर. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलेल्या माणसाला पन्नाशीत कमी ऐकू यायला लागतं, आणि मग तो घरातही ओरडूनच बोलतो. पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय.

हे सगळं कथेत येणार नाही. पण सोम्याचा बाप जेव्हा ‘जेवलास काय?’ एवढं विचारतो आणि संवादाचा फुगा मोठ्या, जाड अक्षरात येतो, तेव्हा वाचकाला कारण कळतं. तुम्हाला एक शब्द समजावून सांगावा लागत नाही.

गल्लीच्या मागं काय आहे तेही बघून या. वडगाव-शहापूरच्या मागं भाताची शिवारं आहेत, बेळगावचा बासमती तिथलाच. नाला फुगला की आधी शिवार जातं, मग गल्ली. आषाढात मंगाई देवीची यात्रा. एकाच ठिकाणी कर्ज, पूर, यात्रा आणि पीक सापडलं तर वेगळं ‘विश्व’ रचायची गरजच पडत नाही.

दुसरी गावं घेणार असाल तर थोडक्यात सांगतो. निपाणीत तंबाखूची वखार आहे, विडी वळणाऱ्या बायकांची घरं आहेत, हवेत शिंका आणणारी धूळ आहे. श्वासाशी संबंधित शक्ती तिथं शोभेल. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, वितळलेलं लोखंड आहे. आगीचा नायक हवा असेल तर परग्रह कशाला? बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं भरतीत नापास झालेला थोरला भाऊ जवळपास प्रत्येक गावात मिळतो. आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. रॉटनचं वटवाघूळ पहिल्यांदा तिथंच सापडलं आणि आजही ते जगात मोजक्याच ठिकाणी दिसतं. वटवाघळाचा माणूस आधीच एकानं घेऊन ठेवलाय ही आपली अडचण, पण गुहा आपल्याला मोकळी आहे. तिच्याकडं परत येऊ.

पायरी ३: तारखांची वही

कंटाळवाणं काम आहे आणि याला पर्याय नाही. वहीत चार रकाने पाडा: तारीख, नायकाचं वय, काय घडलं, आणि कुणाकुणाला माहीत आहे. चौथा रकाना सगळ्यात कामाचा. कथेतलं सगळं नाट्य त्याच्यातून निघतं, कारण नाट्य म्हणजे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही.

सोम्या जून २००८ चा. ऑगस्ट २०१९, वय ११, सहावी: सूत भिजलं, सोम्याला माहीत, बापाला नाही, अक्काला किती माहीत हे मोकळं ठेवा. मार्च २०२०, वय ११, लॉकडाऊन: माग बंद. मार्च २०२४, वय १५: एसएसएलसीची परीक्षा. नोव्हेंबर २०२४, वय १६, पीयूसीचं पहिलं वर्ष: कथा इथं सुरू होते.

वयं जुळतात का ते बोटावर मोजा. आजोबांना १९५६ चं राज्य पुनर्रचनेचं वर्ष आठवत असेल तर त्यांचा जन्म चाळीसच्या दशकाच्या मध्याच्या आसपास हवा; म्हणजे १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते चाळिशीत, आणि सोम्याला कडेवर घेतलं तेव्हा साठी ओलांडलेले. कर्नाटकात दहावीला एसएसएलसी म्हणतात, पुढची दोन वर्षं पीयूसी. ‘बारावी बोर्ड, पुणे’ असं काही लिहिलंत तर बेळगावचा वाचक पुस्तक तिथंच मिटणार.

पायरी ४: शक्ती

इथं सगळे घाई करतात. शक्ती निवडताना ‘भारी काय दिसेल’ हा प्रश्न सोडा. पहिल्या पायरीचं वाक्य समोर ठेवा आणि विचारा: या पोराला सगळ्यात नको असलेली गोष्ट कोणती?

सोम्याला नको आहे ते घरातलं बोलणं ऐकणं. म्हणून त्याला कान द्यायचे.

तो जन्मल्यापासून मागाच्या आवाजात वाढला. शांतता म्हणजे काय हे त्याच्या कानांना ठाऊकच नव्हतं. मार्च २०२० मध्ये सगळ्या गल्लीचे माग एकाच दिवशी थांबले आणि थांबलेलेच राहिले. तिसऱ्या-चौथ्या रात्री त्याला शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. आठवड्यानं पलीकडच्या गल्लीतला खोकला. मग एका रात्री भिंतीपलीकडं आई अक्काला विचारते, ‘त्या दिवशी खरं कोण विसरलं?’ आणि अक्का बराच वेळ काहीच बोलत नाही. सोम्याला तिचा श्वास ऐकू येतो.

झाली पूर्वकथा. वीज नाही, प्रयोगशाळा नाही, परग्रहावरचा दगड नाही. शक्तीचं कारण त्याच घरातून आलं आणि आल्याबरोबर जखमेवर बसलं. बापाला कमी ऐकू येतं, पोराला जास्त. दोघं एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

आता नियम. शक्तीला मर्यादा, किंमत आणि चावी या तिन्ही हव्यात. मर्यादा: आजूबाजूला गोंगाट असेल तर सोम्याला इतरांइतकंच ऐकू येतं, शांतता जितकी खोल, तितका त्याचा पल्ला लांब. किंमत: ऐकलेलं विसरता येत नाही आणि झोप लागत नाही, म्हणून तो चालू मागाच्या खोलीतच झोपतो. चावी: लाईट जाणं. सगळ्या गल्लीचे माग एकदम बंद पडले की हा पोरगा कान दाबून खाली बसतो, आणि त्याच मिनिटाला दोन गल्ल्या पलीकडं कुणीतरी कुलूप तोडतंय हे त्याला कळतं. शत्रूला याची खबर लागली तर तो बंदूक आणणार नाही, डीजे आणेल.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढंच ऐकतो. बहुतेक वटवाघळं शिकार शोधायला त्याच्या वरचा आवाज काढतात. सोम्याचा कान ती वरची हद्द ओलांडतो असं धरलं, तर बारापेडेच्या गुहेत, जिथं तुम्हाआम्हाला नुसती शांतता वाटेल, तिथं त्याचं डोकं फुटायची वेळ येईल. हा दुसऱ्या अंकाचा मसाला. वहीत टिपून ठेवा, पहिल्या अंकात कोंबू नका.

पायरी ५: बिनसलेलं दिसतं कसं?

‘सोमनाथ मनानं खचला होता’ हा चौकोन काढू नका. खचलेला पोरगा काय करतो ते काढा. सोम्या प्रश्न विचारायच्या आधी उत्तर देतो, कारण त्यानं ते आतल्या खोलीत ऐकलेलं असतं. मास्तर त्याला उद्धट म्हणतात. तो सगळ्यांबरोबर जेवत नाही, कारण चावण्याचे आवाज त्याला सहन होत नाहीत. आई मीठ-मिरच्या ओवाळून टाकते. त्याचे कुठल्याच मित्राशी फार दिवस जमत नाही, कारण पाठीमागं कोण काय बोललं हे त्याला माहीत असतं. यातली एकही गोष्ट ‘दुःखी’ नाही. सगळ्या मिळून एक पोरगा उभा राहतो.

अमेरिकी कॉमिक्सनं हे १९७१ मध्ये धीटपणे केलं. ग्रीन ॲरोचा तरुण साथीदार स्पीडी, म्हणजे रॉय हार्पर, हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला. डेनिस ओनील आणि नील ॲडम्स या जोडीनं व्यसनाच्या चित्रांपेक्षा जास्त जागा गुरूला दिली. पोरगा घसरत होता तेव्हा हा बाहेर जग वाचवत फिरत होता, आणि कळल्यावर त्यानं समजून घेण्याऐवजी हात उगारला. बिनसलेल्या पोराची कथा लिहिताना घरातली मोठी माणसं काय करत होती हा प्रश्न सुटू देऊ नका.

दोन पथ्यं मात्र पाळाच. एक, कथेत आजाराचं नाव घेऊन डॉक्टरकी करू नका. दोन, जिवाचं बरंवाईट करून घेणं हा उत्कंठेचा खेळ करू नका. शेवटच्या चौकोनात पोरगा पुलाच्या कठड्यावर आणि खाली ‘क्रमशः’, हे तर अजिबात नको. तुमचे वाचकही त्याच वयाचे असणार.

मुखवट्याबद्दल इथंच सांगतो, कारण कायद्यानं आपलं काम सोपं करून ठेवलंय. सोम्या सोळाचा. मारामारीत सापडला तर त्याला बाल न्याय मंडळापुढं उभं करतील, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला मनाई आहे. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक आणि पेपरात फक्त ‘एक अल्पवयीन मुलगा’. आपल्या नायकाची गुप्त ओळख सरकारच सांभाळतं. यापेक्षा मजेशीर मुखवटा मला सुचलेला नाही. अठरावा वाढदिवस मग खऱ्या अर्थानं धोक्याचा होतो.

पायरी ६: सीमेचं काय करायचं?

बेळगावची कथा म्हणजे सीमाप्रश्न येणारच, असं बाहेरच्यांना वाटतं. आणि इथल्या पोरांना मोह होतो तो कन्नड बोलणारा खलनायक काढायचा. नका काढू. सभ्यपणा वगैरे बाजूला ठेवा. अशी कथा मुळात खोटी पडते. वडगावात मराठी माणूस दिवसभर कन्नड ऐकतो, बोलतो, उधार घेतो, शिव्याही घालतो. विणकरांच्या आळीत दोन्ही भाषांची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सोम्याचा जवळचा मित्र बसू कन्नड घरातला असेल, आणि सूत देणारा व्यापारी मराठी. देणं-घेणं भाषा बघून होत नाही.

पण प्रश्न टाळायचाही नाही. तो कथेत माणसाच्या वयातून येऊ द्या. आजोबांसाठी १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं ती तारीख आहे, हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक आहे, सुप्रीम कोर्टातला २००४ पासूनचा दावा आहे. बापासाठी तो दरवर्षीचा माग बंद राहणारा एक दिवस आहे. सोम्यासाठी आजोबांच्या काळ्या फितीचा वास. तिघांना तीन गोष्टी वाटतात आणि घर एकच आहे, इथं लेखकानं निकाल द्यायचं कारण नाही.

एक प्रसंग मात्र या शहरानं फुकट देऊन ठेवलाय आणि तो कुणी वापरलेला मी तरी बघितला नाही. १ नोव्हेंबरला एकाच शहरात एका बाजूला काळ्या दिनाची मूक सायकल फेरी असते आणि दुसऱ्या बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक, डीजेसकट. सोम्याचे नियम आठवा. मूक फेरीत आजोबांबरोबर चालताना त्याला अख्ख्या गल्लीच्या छातीतले ठोके ऐकू येतात, त्यात एक ठोका चुकतोय आणि तो आजोबांचा आहे. दवाखाना चौकाच्या पलीकडं, मधे मिरवणूक. मिरवणुकीत शिरला की कान बंद, आणि बसू तिथंच नाचतोय. ‘बा ले, होगोन,’ म्हणजे ‘चल रे, जाऊ,’ म्हणत बसू गर्दीतून वाट काढतो. घोषणा नाही, भाषण नाही. दोघं मिळून म्हाताऱ्याला उचलतात. याला मी सहा पानं देईन आणि त्यात एकही निवेदनाची चौकट ठेवणार नाही.

पायरी ७: पुढं इतिहास बदलावा लागला तर

लागतोच. दुसऱ्या अंकापर्यंत काहीतरी चुकल्याचं कळतं. तेव्हा जेसन टॉडचं काय झालं ते आठवावं. बॅटमॅनचा हा दुसरा रॉबिन १९८३ मध्ये आला तेव्हा तो सर्कशीतल्या कसरतपटूंचा पोरगा होता. आईवडिलांना किलर क्रॉकनं मारलं. म्हणजे पहिल्या रॉबिनचीच नक्कल. १९८७ मध्ये बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीनं ती पुसून नवीन लिहिली: रस्त्यावरचा पोरगा, बॅटमॅनच्याच गाडीची चाकं चोरताना सापडलेला. बाप गुन्हेगार, घरात व्यसन. हा जेसन चिडका, उद्धट, आणि माझ्या मते फार जिवंत. वाचकांना तो पचला नाही. १९८८ मध्ये कंपनीनं दोन फोन नंबर छापले: मारायचा असेल तर हा, वाचवायचा असेल तर तो. मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला.

२००५ मध्ये तो रेड हूड होऊन परतला. मेलेला परत कसा आला? तर एका दुसऱ्याच विश्वातल्या सुपरबॉयनं वास्तवाच्या भिंतीवर बुक्के मारले आणि त्या हादऱ्यानं जेसन थडग्यात जिवंत झाला. खुलासा वाचून आपल्याकडचं शेंबडं पोरही हसेल. तरीही रेड हूड टिकला, कारण त्याचा प्रश्न खरा होता. त्याला बॅटमॅननं आपल्याला वाचवलं नाही याचा राग नव्हता. आपण मेल्यावरही जोकर जिवंत कसा राहिला, हा त्याचा सवाल होता. यात पुन्हा देणं आलं, फक्त या वेळी ते गुरूच्या खात्यावर.

यातून कामाचा नियम काढा: घडलेलं बदलू नका, माहिती बदला. सूत भिजलं हे कायम. पण तिसऱ्या अंकात सोम्याला कळू द्या की अक्काला त्या दिवशी शाळा सोडायचीच होती, तिचं कारण वेगळं होतं आणि तिनं संधी साधली. घटना तीच, अर्थ उलटा. वहीचा चौथा रकाना याचसाठी मोकळा ठेवला होता.

पायरी ८: कागदावर

वहीत पूर्वकथा चाळीस पानं झाली तरी चालेल, छापील अंकात ती दोन पानांच्या वर नको. पहिला अंक १६ पानी करा. ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधून दुमडले की ए-फाइव्हची १६ पानं होतात, मधे दोन पिना. पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. झेरॉक्सवर करणार असाल तर कडेनं सेंटिमीटरभर जागा सोडा, आणि करड्या छटा टाळून रेघांनीच सावली द्या. करडा रंग झेरॉक्समध्ये चिखल होतो.

फुग्यांसाठी चित्र काढायच्या आधी जागा राखा. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळं इंग्रजी कॉमिक बघून काढलेल्या फुग्यात आपलं वाक्य मावत नाही. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा बालू हा टंक (फॉन्ट) मोफत आहे, गुबगुबीत आहे आणि फुग्यात छान दिसतो. त्याच कुटुंबात कन्नडसाठी बालू तम्मा आहे. म्हणजे बसूचा फुगा कन्नड लिपीत ठेवला तरी पानाची चाल मोडत नाही. खाली तळटीप देऊ नका. चित्रातून कळलं पाहिजे.

बोली जपा, पण दळू नका. अक्का ‘कुठं जाऊलास?’ म्हणेल, सोम्या ‘हितंच’ म्हणेल, आजोबा ‘काय गा’ म्हणतील. मास्तर वर्गात प्रमाण मराठी बोलतील आणि ऑफिसात शिरताच कन्नड. प्रत्येक ओळीला बोलीचं बाशिंग बांधलं की पात्रं नाटकातली वाटायला लागतात.

खऱ्या माणसांची, दुकानांची, पोलीस ठाण्यांची नावं खलनायकाच्या बाजूला वापरू नका. गल्ली खरी चालेल, सावकार बनावट हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र-मजकुरावर तुमचा हक्क निर्मितीबरोबरच येतो, नोंदणी ऐच्छिक आहे; तरी तारीख टाकलेल्या मूळ वह्या फेकू नका. विकायला कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली मराठी साहित्य संमेलनं चांगली. तिथं मंडपाबाहेर पुस्तकांच्या टेबलांपाशी शाळकरी पोरं घुटमळत असतात आणि त्यांच्यासाठी टेबलावर फारसं काही नसतं. किंमत सुट्ट्या पैशांच्या भानगडीत न पडता गोल ठेवा. मागच्या पानावर पुढच्या अंकाची जाहिरात, आणि तिच्या खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा मोफत नंबर, १४४१६, वाचता येईल एवढ्या अक्षरात.